तीन गुंजा जास्त

१

परशुराम शेटच्या दुकानाचा एक नेम होता, आणि त्या नेमावरच त्याची अब्रू उभी होती. गिऱ्हाईक जोडवं घेऊन येवो की करगोटा, वस्तू आधी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत काट्यात पडायची. काम झालं की पुन्हा काट्यात. "बघ गो बाय, इला तेवढाच जाता," म्हणजे आलं तेवढंच परत जातं, असं म्हणून शेट ती तिच्या हातावर ठेवायचा. देवगडच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी जे छोटं बंदर आहे तिथल्या बाजारात अठ्ठावन्न साली सोनार तीन होते. पण किनाऱ्यावरची गाबतीण असो की वरच्या गावातली शेतकरीण, पोराच्या ताइताला यायची ती परशुराम शेटकडेच.

ताइताची रीत ठरलेली. पोर दूध टाकायला लागलं, झोपेत दचकायला लागलं, की आई बाबली घाड्याकडे धावायची. दीठ, वारं, बाधा हे सगळं गावात तोच बघायचा. तो देवाला गाऱ्हाणं घालून पिवळ्या फडक्यातली एक पुडी द्यायचा. त्यात राख, कसलीशी मुळी आणि चार तांदूळ असायचे. शेटने ती चांदीच्या नळीत घालायची, टोपण बसवायचं आणि डाख देऊन, झाळून नळी कायमची बंद करायची. मग काळ्या दोऱ्यात ओवून ती पोराच्या गळ्यात जायची.

आता खरं सांगायचं तर गेली दहा वर्षं परशुराम शेट त्या नळीत काहीच घालत नव्हता.

त्यात लबाडी करायची म्हणून नव्हे हो! पुडी आत असली की आचेने करपायची, धूर व्हायचा आणि टोपणाची झाळ धरायची नाही. एका दिवशी तीनदा झाळ सुटली. शेट वैतागला, पुडी शेगडीत फेकली आणि नळी रिकामीच बंद केली. काय सुरेख सांधा बसला म्हणता! त्या दिवसापासून सगळ्या पुड्या शेगडीत जाऊ लागल्या. आणि झालं काय कुणाला? काही नाही. रिकाम्या ताइताची पोरं टुणटुणीत वाढली, काही तर बापाबरोबर होडीवर जायला लागली. बाया येऊन पाया पडायच्या तेव्हा शेट मनातल्या मनात हसायचा. भुतंखेतं त्याने कधी मानलीच नव्हती.

ही गोष्ट बायकोला, काशीबाईलासुद्धा ठाऊक नव्हती. घरात माणसं तीनच. सून बाळंतपणात गेली, मुलगा मुंबईला नोकरीला, आणि मागे राहिली ती पाच वर्षांची नात, आनंदी. काशीबाईच्या हट्टाने तिच्याही गळ्यात ताईत होता, तोही रिकामाच. जगात शेटचा जीव कुणात अडकला असेल तर तो त्या एका पोरीत. बाकी माणसांशी तो गोड बोलायचा, पण ते तेवढंच.

२

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. हिरा गाबतीण मासे विकून, पाटी रिकामी करून दुकानाशी आली. बरोबर तिची यमू, चार वर्षांची.

"शेटनू, ताइताची कडी झिजली हा," हिरा म्हणाली. "ह्या चेडू दिवसभर दर्यात. खंय पडलो तर?"

"दी हयसर. आताच करून देतंय."

यमू पायरीवर बसली. ओच्यातले शिंपले तिने मांडले आणि त्यांना नावं ठेवून ती त्यांच्याशी बोलू लागली. शेटने ताईत काट्यात टाकला आणि सवयीने दुसऱ्या पारड्यात वीस गुंजा टाकल्या. त्याच्या सगळ्या नळ्या एका मापाच्या, वीस गुंजांच्या. त्यात कधी फरक नसायचा, आणि पोराच्या गळ्यात गेलेला रिकामा ताईत आजवर परत काट्यावर आला नव्हता.

पारडं हललं नाही.

त्याने एक लाल गुंज टाकली. मग दुसरी. तिसरी टाकली तेव्हा काटा सरळ झाला. त्याने ताईत पुसला, फुंकर मारली, पुन्हा तोलला. तेवीस. चांदी अंगावर झिजते, घटते, वाढत नाही. ती वाढलेली त्याने चाळीस वर्षांत बघितली नव्हती.

क्षणभरच त्याला चमत्कारिक वाटलं. मग लक्षात आलं आणि तो स्वतःवरच चिडला. पोर दिवसभर दर्यात! सांध्यातून खारं पाणी आत गेलं असणार आणि आत मीठ धरलं असणार. म्हणजे आपली झाळ गळकी? ही गोष्ट मात्र त्याला झोंबली.

"भुतुर दर्याचा पाणी गेला आसतला," तो म्हणाला. "उघडून साफ करून देतंय. थांब जरा."

आतल्या खोलीत जाऊन त्याने आच दिली आणि टोपण काढलं. नळी दगडावर आपटली. मिठाचा कणही पडला नाही. आतून नळी कोरडी, पांढरीशुभ्र, नुकत्याच केलेल्या नळीसारखी नवी. पण टोपण निघालं तेव्हा त्याच्या अंगठ्याला काहीतरी लागलं होतं. नळी तापलेली होतीच, ऊब लागणारच. पण ही ऊब ओलसर होती. आणि फुंकणी जमिनीवर पडलेली असताना शेगडीतले निखारे एकदम लाल झाले आणि पुन्हा काळवंडले.

वारा असेल, तो म्हणाला. त्या खोलीला खिडकी नव्हती.

त्याने नळी बंद केली, नवी कडी लावली, तोलली. वीस. बाहेर आला तेव्हा पायरीवरची बडबड थांबली होती.

"झोपला बघा," हिरा हळूच म्हणाली. "आताच बोलत होता आणि आताच आडवा झाला. दमला बिचारा."

तिने ताईत पोरीच्या गळ्यात बांधला आणि तिला खांद्यावर घेतलं. यमूचा हात आईच्या पाठीवर लोंबत होता, चालण्याबरोबर हलत होता. "इला तेवढाच जाता," शेट सवयीने म्हणाला आणि आपण खोटं बोललो हे त्याला तिथल्या तिथे कळलं. आला होता त्यापेक्षा ताईत तीन गुंजा हलका होऊन चालला होता.

तिसऱ्या प्रहरी किनाऱ्यावरून आक्रोश ऐकू आला. पोर उठलंच नव्हतं.

३

योगायोग. दुसरं काय म्हणणार? ऊन लागलं असेल, पोटात काही गेलं असेल. कोवळी पोरं जातात, बंदरावर दर वर्षी दोन-तीन जातात. शेट स्वतःला हे सांगायचा आणि ते त्याला पटायचंही. पण दुकानात ताईत आला की त्याचा हात आधी काट्याकडे जायचा.

वर्षाच्या पोराचा साडेवीस गुंजा. तीन वर्षांच्या पोराचा बावीस. जितकं पोर मोठं तितका ताईत जड. रिकाम्या, झाळलेल्या, दातात धरली तर दबेल अशा नळीत काय साठतंय? कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं की नळी रिकामी आहे.

एका सकाळी काशीबाई आनंदीला न्हाऊ घालत होती. ताईत खुंटीला अडकवलेला होता. शेटने तो उचलला आणि दुकानात नेऊन तोलला. चोवीस गुंजा. तो कानाशी धरला. आतून आवाज नव्हता. पण हाताला तो एवढासा तुकडा नको तितका उबदार लागला.

"आजोबा, माझो ताईत दी," आनंदी ओल्या अंगाने दारात येऊन म्हणाली. "माका त्याच्याबिगर थंडी वाजता."

त्याने तो घाईघाईने तिच्या गळ्यात घातला आणि दोरा दुहेरी करून गाठ मारली. मग आपल्या या घाईचाच त्याला राग आला. पन्नाशी उलटलेला माणूस, बाबली घाड्याची टिंगल करणारा, आणि चांदीच्या नळीला भितो? याचा एकदा काय तो निकाल लावायला हवा, त्याने ठरवलं. एकदा दुसरा ताईत उघडून बघायचा. काही झालं नाही की मन मोकळं.

आणि झालं तर? त्या प्रश्नापाशी तो थांबला नाही. कुणाचा उघडायचा, एवढंच तो बघू लागला.

४

राधाबाई वरच्या गावची, भातशेती आणि काजूवाली. सहा मैल चालत बाजाराला यायची. तिच्या मधल्या मुलाच्या, सात वर्षांच्या लवूच्या ताइताची कडी तुटली होती. मुलगा घरीच होता.

"किती पोरगे गो तुका?" शेटने विचारलं.

"पाच, देवाच्या कृपेन."

पाच. शेटने मान हलवली. देवाशपथ सांगतो, त्याने हाच हिशेब केला. यमू एकुलती होती. हिला पाच आहेत. आणि मुलगा सहा मैलांवर, म्हणजे उन्हाचा, आगीचा, भीतीचा काही संबंध नाही. परीक्षा चोख होईल.

"झाळ सुटली हा. उघडूक व्हयी," तो म्हणाला.

"उघडा. माका काय कळता त्यातला?" राधाबाई म्हणाली आणि पायरीवर बसून पानाचा डबा काढला.

या वेळी शेट तयारीने बसला. फुल्या, कुड्या घातल्यावर बायांना दाखवायचा छोटा आरसा त्याने डाव्या हातात धरला. आतून खरंच काही निघत असेल तर काचेवर दिसेल. बाहेर शाळेची दुपारची घंटा वाजत होती. टोपण सुटलं.

आरशावर वाफ धरली. रुपयाएवढी. ती विरली. पुन्हा धरली, आधीपेक्षा लहान. पुन्हा विरली. शेट आरसा धरून बसला, त्याचा स्वतःचा श्वास कोंडलेला. तिसऱ्यांदा काही आलं नाही. काच लखलखीत राहिली आणि तिच्यात त्याला त्याचा एक डोळा दिसला.

त्याने नळी बंद केली. वीस गुंजा.

"बघ गो बाय," एवढंच त्याच्या तोंडून आलं. पुढचं त्याने गिळलं.

चार दिवसांनी कोळसा घेऊन येणाऱ्या भाईने बातमी आणली. "राधाबायचो लवू गेलो. जेवूक बसललो शेटनू, दुपारचो. घास हातात तसोच. आवस बाजारात. भावंडांका वाटला हो नाटक करता, ती हसत रवली."

शेटने कोळसा मापून घेतला. त्याला धडकी भरली होती हे खरंच. पण आत कुठेतरी, झालेलं कळल्याचं एक गार समाधानही होतं, आणि त्या समाधानाची त्याला लाज वाटली नाही. आता माहीत झालं होतं. उघडायचं नाही. आनंदीचा तर जन्मात नाही. न उघडलं तर पोर सुखात वाढतं, मग बोभाटा कशाला?

५

पण बोभाटा दुसऱ्याच बाजूने आला. महिन्याभरात दोन पोरं गेली, दोन्ही ताइताची. आया बाबली घाड्याकडे गेल्या, आणि बाबली काय सांगणार? पुड्या जुन्या झाल्या, त्यांचा गुण गेला. अमावास्येला सगळ्यांनी नव्या पुड्या घ्याव्यात, ताईत उघडून जुनी पुडी काढावी आणि नवी भरावी.

काशीबाईनेच हे दुपारी जेवताना सांगितलं. "उद्या आमवाशा. सगळी बंदरावरची येतली बघा. आनंदीची पुडी पण मी आणलंय."

शेटच्या हातातला घास ताटात पडला. "आनंदीच्या ताइताक हात लावशी तर बघ!"

"अहो, पण कित्या?"

कित्या, ते सांगता येत नव्हतं. एक शब्द सांगितला की पुढचे सगळे सांगावे लागले असते, शेवटच्या लवूपर्यंत. शेट न जेवता उठला, दुकानात गेला आणि दार लावून घेतलं. शेगडी फुलवली. मग उजव्या हाताचा तळवा निखाऱ्यावर ठेवला आणि दात आवळून तिथेच धरला. भाजलेल्या हाताने कोण ताईत उघडणार? त्याला वाटलं, सुटलो.

काशीबाईने रडत रडत हाताला खोबरेल तेल लावलं, फडकं बांधलं. आनंदी फडक्यावर फुंकर घालत राहिली. "आजोबा, आता बरा वाटता?" ती विचारायची आणि तो हो म्हणायचा.

६

अमावास्येला सकाळीच दुकानासमोर बाया जमल्या. पंधरा-सोळा तरी असतील, कडेवर पोरं, हातात पिवळ्या पुड्या. शेटने बांधलेला हात वर केला. "हात भाजलो हा. माझ्यान जमाचा नाय. पुढच्या आमवाशेक बघूया."

बाया हळहळल्या. काही परतायलाही लागल्या. पण गर्दी बाजूला सारून हिरा पुढे आली. महिन्याभरात ती सुकून गेली होती. तिने मूठ उघडली. मुठीत ताईत होता.

"यमूचो," ती म्हणाली. "पुरताना मी काढून घेतलंय. माका बघूचा आसा, पुडी कुजली म्हणजे कशी झाली ती."

शेट काही बोलायच्या आत तिने नळी दाढेखाली धरून चावली. नवी झाळ तडकली. तिने ती तळहातावर उपडी केली. एकदा झटकली, दोनदा झटकली. मग तिने मान वर केली.

"ह्येच्यात कायच नाय."

मग एकदम सगळ्या बोलू लागल्या. "काय नाय म्हणजे?" "पुडी खंय गेली?" "मेल्यान घातलीच नाय!" दारात उभी असलेली काशीबाई लालबुंद झाली. तीस वर्षं तिने या माणसाच्या काट्याची शपथ वाहिली होती.

"जिभेक हाड आसा काय तुमच्या?" ती ओरडली. "माझो घोव असा करायचो नाय. हो बघा आमच्या आनंदीचो! ह्येच्या भुतुर पुडी नसात तर माका थुका!"

आनंदी तिच्या शेजारीच उभी होती, गर्दी बघून खुश झालेली. काशीबाईने तिच्या गळ्यातला दोरा वरून ओढून काढला आणि ताईत हिराच्या हातावर ठेवला.

"नको!" शेट किंचाळला. "उघडू नको! चेडू मरतला!"

हिराने नळी तोंडाशी नेली होती, ती थांबली. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. गर्दीतून राधाबाई पुढे आली, सर्वांत धाकटं पोर कडेवर घेऊन. ती ओरडली नाही. तिने साधं विचारलं.

"तुमका कसा कळला, शेटनू?"

एकच उत्तर होतं. तेवढं सांगितलं असतं तर हिराने ताईत खाली ठेवला असता. बायांनी त्याला तिथेच फाडून खाल्लं असतं, पण आनंदी वाचली असती. शेटने राधाबाईच्या डोळ्यांत पाहिलं. तोंड उघडलं. तुझा लवू, असं म्हणायचं होतं. शब्द आले नाहीत. त्याला वाटलं, दुसरं काही सुचेल.

"बघलास? भियालो," कुणीतरी म्हणालं. "चोरी उघडी पडतली म्हणून!"

शेट पुढे झेपावला. ताईत पकडायला त्याने उजवा हात घातला, पण फडक्यात बांधलेली बोटं मिटली नाहीत. हिराच्या दाताखाली कट्कन आवाज झाला.

"रिकामो!" हिरा ओरडली. "आपल्या नातीक पण फसवलान!"

मग काय गदारोळ झाला विचारू नका. काशीबाईने पदरात तोंड घातलं. लाजेने तिची मान वर होईना. बाया शिव्या घालत होत्या, छाती पिटत होत्या. आनंदीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती खांबाला टेकून बसली होती, दमल्यासारखी. तिचे ओठ थोडे उघडे होते. शेट तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला, डाव्या हाताने तिची हनुवटी वर केली आणि सोडली. ती खाली गेली.

आपल्या पोरीला हे झालं आणि या बायांच्या कडेवरच्या पोरांना नाही, एवढाच एक विचार त्याच्या डोक्यात आला आणि तिथेच बसून राहिला.

मागे बाया आपापल्या पोरांच्या गळ्यातले दोरे तोडत होत्या. "आमचो पण बघूया!" "माझो आधी!" अजून एकीनेही चावला नव्हता. अजून वेळ होता. राधाबाई मात्र तिथेच उभी राहून तेच विचारत होती, "सांगा मा, शेटनू. कसा कळला तुमका?"

परशुराम शेटने मान वळवली. कडेवरच्या पोरांकडे त्याने एकेक करून नीट पाहिलं. एक बोट चोखत होतं, एक आईचे केस ओढत होतं, राधाबाईचं त्याच्याकडेच बघून हसत होतं. सगळी जागी होती.

"काय बघतास?" तो शांतपणे म्हणाला. "सगळेच रिकामे आसत. उघडा."

बायांनी ताईत दातांखाली धरले.